स्वतःसाठी आठवड्याला चार तास: खर्च किती येतो?

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की अनेक घरांत एखादी जुनी इच्छा पुन्हा वर येते. सुटलेलं गाणं, अर्धवट राहिलेली पदवी, पोहणं, चित्रकला किंवा निवांत बसून केलेलं वाचन. मग क्लासची चौकशी होते, महिन्याला दीड हजार रुपये फी असल्याचं कळतं आणि त्या एका आकड्यावर ‘परवडेल’ किंवा ‘सध्या नको’ असा निर्णय होतो. हिशेब चुकतो तो इथेच. या सगळ्या खर्चात क्लासची फी हा लहान भाग असतो. तुम्ही क्लासला असताना मूल कोणापाशी आहे आणि त्या वेळचं घरकाम कोण करतंय, मोठा खर्च तिथे असतो. तो आधी मांडला नाही तर भरलेली फी दोन महिन्यांत वाया जाते. मूल आजारी पडतं, सांभाळणारं कोणी नसतं, आणि क्लास गुपचूप बंद होतो.

इथे दिलेले दर पुणे, मुंबई, ठाणे परिसरातले सर्वसाधारण अंदाज आहेत. कोथरूड आणि हडपसर, विलेपार्ले आणि बदलापूर यांच्या दरांत चांगलाच फरक पडतो, आणि लहान शहरांत ते पुष्कळ कमी असतात. आकडे आपल्या भागातले घाला. मांडणी मात्र हीच ठेवा.

एका महिन्याचं गणित

समजा, आठवड्यातून दोनदा गाण्याचा क्लास आहे. जाऊन-येऊन दोन तास, म्हणजे महिन्यात आठ फेऱ्या आणि सोळा तास. क्लासची फी १,५०० रुपये. तासावर मूल ठेवून घेणाऱ्या पाळणाघराचा दर साधारण १०० ते २०० रुपये असतो. १५० धरला तर सोळा तासांचे २,४०० रुपये. रिक्षाला दर खेपेला जाऊन-येऊन १०० रुपये, म्हणजे आणखी ८००. एकूण ४,७०० रुपये. यात क्लासच्या फीचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. एका तासाचा भाव पडतो जवळपास २९४ रुपये.

हा ‘तासाचा भाव’ प्रत्येक पर्यायासाठी काढून बघा. कोणता खर्च खरोखर वेळ देतो आणि कोणता फक्त देखणा आहे, ते त्यातून लगेच दिसतं. रिक्षाचे ८०० रुपये आणि रस्त्यात जाणारा वेळ पाहिल्यावर, थोडे कमी नामांकित पण चालत जाता येईल असे गुरू निवडावेत असं मला ठामपणे वाटतं. मूल लहान असेपर्यंत तरी जवळ असणं हाच क्लासचा सगळ्यांत मोठा गुण समजा.

सगळ्यांत स्वस्त तास स्वयंपाकघरात मिळतात

पोळ्यांचं उदाहरण घ्या. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं, मागचं ओटा-पोळपाट आवरणं यांत रोजचा पाऊण तास तरी जातो. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेएकोणीस तास. फक्त पोळ्या करून जाणाऱ्या मावशी चौघांच्या घरासाठी महिन्याला दीड ते अडीच हजार घेतात. २,००० धरले तर तासाचा भाव १०३ रुपयांच्या आसपास येतो. पोळी-भाजी केंद्रातून रोज बारा पोळ्या दहा रुपये दराने आणल्या तर महिन्याला ३,१२० रुपये, म्हणजे तासाला १६० रुपये. पण तिथे खाड्यांची कटकट नाही आणि पाहुणे आले की संख्या वाढवता येते. दोन्ही वेळचा पूर्ण स्वयंपाक बाहेरून करून घ्यायचा तर मावशींना चार ते सात हजारांपर्यंत द्यावे लागतात. त्यात वाचणारा वेळ दुपटीहून जास्त असतो.

‘एवढ्याशा पोळ्यांना काय बाई लावायची’ असं घरात कोणी म्हणालं, तर हा कागद पुढे ठेवा. महिन्याचे एकोणीस तास काही एवढेसे नव्हेत.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती विसरून चालणार नाही. स्वयंपाकघरात वाचलेला वेळ पाऊण-पाऊण तासाच्या तुकड्यांत मिळतो, तोही संध्याकाळी सात-साडेसातला. मूल तेव्हा जागं असतं, भुकेलेलं असतं आणि आईला चिकटलेलं असतं. दुसऱ्या पालकाने त्या पाऊण तासात मुलाला खाली खेळायला नेलं नाही, तर पोळ्यांच्या बाईंना दिलेल्या पैशांतून तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही, फक्त काम बदलतं. रियाज, वाचन, व्यायाम तुकड्यांत जमतात. चित्र काढायला, लिहायला, परीक्षेच्या अभ्यासाला सलग दोन-तीन तास लागतात. आपल्याला सुटा वेळ हवा आहे की सलग, हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

पाळणाघर: दर विचारण्याआधी काय विचारावं

घरगुती पाळणाघरात पूर्ण दिवसाचे महिन्याला पाच ते नऊ हजार, तर साखळी पद्धतीच्या, कॅमेरे वगैरे असलेल्या केंद्रात बारा ते वीस हजार किंवा त्याहून जास्त लागतात. अर्धा दिवस निम्म्या पैशांत मिळेल असं समजू नका. बहुतेक ठिकाणी तो साठ-सत्तर टक्क्यांना पडतो. तासावर मूल ठेवण्याची सोय सगळीकडे नसते. जिथे असते तिथेही नेहमी येणाऱ्या मुलांनाच ती देतात, आणि ते योग्यही आहे, कारण ओळख नसलेल्या घरात दोन वर्षांचं मूल एकदम दोन तास थांबत नाही.

महिन्याच्या दरात न दिसणारे खर्च असे: प्रवेश शुल्क, अनामत रक्कम, जेवणाचे वेगळे पैसे, उशीर झाल्यास तासाचा दंड, मे महिन्यातल्या आणि दिवाळीतल्या सुट्टीचे कापले न जाणारे पैसे. मूल आजारी असेल त्या दिवसांची वजावट मिळते का, हे आधीच विचारा. सुरुवातीच्या महिन्यांत सर्दी-खोकला ठरलेला असतो. पहिले दहा-पंधरा दिवस मूल रुळेपर्यंत तुम्हालाही तिथे अधूनमधून थांबावं लागतं, म्हणून त्याच महिन्यात क्लास सुरू करू नका. आधी मूल रुळू द्या, मग फी भरा.

दरापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे एका बाईकडे किती मुलं आहेत. दोन वर्षांखालची चार-पाचपेक्षा जास्त असतील तर मी तिथे मूल ठेवणार नाही, भिंतीवर कितीही सुंदर चित्रं असोत. दुपारी न कळवता एक चक्कर मारा. मुलं झोपली आहेत, खेळत आहेत की टीव्हीसमोर बसवली आहेत, ते पाच मिनिटांत कळतं.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत, ही योजना पाळणाघरं, क्लास, जिम सगळेच देतात. लहान मूल असलेल्या घराने ती घेऊ नये. तीन महिन्यांपलीकडे कशाचेही पैसे आगाऊ भरू नका, पावती घ्या आणि परताव्याची अट लेखी मागा. नंतर वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हातात कागद असेल तर तिचा उपयोग होतो.

घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईंचा पगार आठ-दहा तासांना पंधरा ते पंचवीस हजार असतो. फक्त छंदासाठी हा खर्च कोणी करत नाही. पण नोकरीमुळे बाई आधीच लावली असेल, तर तिच्या वेळेत आठवड्यातून एक तास जास्तीचे पैसे देऊन वाढवून घेणं पाळणाघरापेक्षा सोपं पडतं. ब्युरोमार्फत बाई आणली तर कमिशन किती, बाई सोडून गेल्यास बदली किती दिवसांत मिळते आणि पोलीस पडताळणी कोण करणार, हे लेखी ठरवा.

पैशांशिवाय मिळणारे तास

सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तास एकवीस मिनिटांचा आहे. तुमच्या घरात तो निम्मा असला तरी वर मांडलेले सोळा तास त्यातून निघतात, तेही फुकट. म्हणून कोणताही खर्च करण्याआधी शनिवार किंवा रविवारची सकाळ एकाने मूल पूर्णपणे सांभाळायचं आणि दुसऱ्याने घराबाहेर पडायचं, अशी आळीपाळी लावा. ‘पूर्णपणे’ याचा अर्थ नाश्ता, शी-शू, आंघोळ, रडारड सगळं. ‘डायपर कुठे आहेत?’ असा फोन क्लासमध्ये येत असेल, तर तो वेळ अजून तुमचा झालेला नाही. हे बाबांनाही लागू आहे. त्यांची क्रिकेटची किंवा ट्रेकची सकाळ चालू असेल तर आईचीही ठरलेली सकाळ हवी, आणि त्यांचं सगळंच सुटलं असेल तर तेही परत मिळायला हवं.

आजी-आजोबांच्या वेळेला किंमत नसते असं समजू नका. त्यांना आठवड्याचा ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ द्या. ‘बसता का जरा?’ असं ऐन वेळी विचारू नका. गुडघे दुखत असताना दोन वर्षांच्या मुलामागे धावणं सोपं नाही. त्यांची भिशी, भजनी मंडळ, दुपारची झोप हाही त्यांचा स्वतःचा वेळ आहे.

सोसायटीत सारख्या वयाची मुलं असलेली तीन घरं मिळाली, तर दर शनिवारी एका घराने दोन तास तिन्ही मुलं सांभाळायची ही पद्धत छान चालते. खर्च खाऊचा. तिनापेक्षा जास्त घरं घेऊ नका.

काय निवडावं

शास्त्रीय गाणं किंवा नृत्य पुन्हा सुरू करताना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची राहिलेली परीक्षा पूर्ण करावी असं वाटतं. इच्छा चांगली आहे, पण मूल दोन वर्षांखालचं असेल तर पहिलं वर्ष परीक्षेविना शिका. परीक्षेची तारीख आणि मुलाचा ताप एकदम येतात, आणि मग शुल्कापेक्षा मन जास्त मोडतं.

पदवी राहिली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत आणि नेहमीच्या महाविद्यालयासारखी रोजची हजेरी लागत नाही. एखादाच विषय शिकून बघायचा असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तरच शुल्क भरावं लागतं.

आणि वाचन. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून, मुंबईचं १८९८ पासून. अशा जुन्या सार्वजनिक वाचनालयांची वर्गणी क्लासच्या फीच्या मानाने अगदी किरकोळ असते, अनामत परत मिळते आणि घरी आणलेलं पुस्तक मूल झोपल्यावर वाचता येतं. पैसे खरोखरच कमी असतील तर सुरुवात इथून करा.

मूल सहा महिन्यांचंही नसेल, तर यातलं काहीच आत्ता विकत घेऊ नका. त्या काळात मिळालेला प्रत्येक तास झोपेचा. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर त्यावर छंद हा उपाय नाही. डॉक्टरांशी बोला किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.

नोकरी असेल तर दोन गोष्टी तपासा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा मिळाली. तुमच्या कार्यालयाने काय सोय केली आहे, ते लेखी विचारा. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची. मुलाच्या आजारपणाला ही रजा वापरा, म्हणजे तुमची अर्जित रजा शिल्लक राहील.

हिशेबातली शेवटची ओळ

तुम्ही विकत घेतलेला प्रत्येक तास दुसऱ्या एका बाईच्या दिवसातून येतो, आणि पुष्कळदा तिच्या घरीही लहान मूल असतं. म्हणून पगार ठरवताना आठवड्याची सुट्टी, महिन्याचे दोन भरपगारी खाडे आणि दिवाळीला एक जास्तीचा पगार धरूनच वर्षाचा खर्च काढा. २,००० रुपयांचं काम वर्षाला २४,००० नव्हे, २६,००० ला पडतं, आणि तोच त्याचा खरा भाव आहे. तिच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी जवळची अंगणवाडी कुठे आहे, सहा महिन्यांपासूनच्या मुलांना सांभाळणारी ‘पाळणा’ योजनेतली अंगणवाडी तिच्या वस्तीजवळ आहे का, हे अंगणवाडी सेविकेला एकदा विचारून तिला सांगा. त्याला पैसे लागत नाहीत.