गच्चीवरील टाकीची शिकवण

ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारी लखनौच्या अलीगंज भागातील हनुमानमंदिरांकडे पहाटेपासून माणसांची रीघ लागते. या मंगळवारांना तेथे ‘बडा मंगल’ म्हणतात. ऊन तापलेले असते, लू वाहत असते आणि रस्तोरस्ती मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्यास पाणी, सरबत, पुरी आणि भाजी दिली जाते. एरवी ज्याला आपण पाणपोई म्हणतो, तिचे रूप अशा दिवशी साऱ्या वस्तीला येते.

वर्षातील याच दिवसांत पाण्याची मागणी सर्वांत अधिक असते, विजेच्या तारांवरील ताण सर्वांत अधिक असतो आणि जमिनीतील पाणी खोल गेलेले असते. नेमक्या अशा सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी निघाली, किंवा पंपाची मोटर जळाल्याचा वास जिन्यात भरला, तर त्या घराची काय अवस्था होईल हे सांगावयास नको. हा प्रसंग दैवाचा नव्हे. बहुतेक वेळा त्याचे मूळ एखाद्या साध्या अभियांत्रिकी तत्त्वाच्या विस्मरणात असते. त्या तत्त्वांचा परिचय करून घेण्यासाठी अलीगंजमधील एका मध्यम घराची कल्पना करू. असे घर पुण्यात किंवा नागपुरातही असू शकेल.

एक टाकी, तीन शास्त्रे

लखनौ शहरासाठी गोमतीचे पाणी गऊघाटावर उचलून ऐशबाग व बालागंज येथील केंद्रांत शुद्ध केले जाते. याखेरीज शारदा कालव्याचे पाणी आणि ठिकठिकाणचे नलकूप यांवर शहराची तहान भागते. नळाला पाणी दिवसभर असेलच असे नाही. म्हणून आपल्या घरात दोन टाक्या आहेत. जमिनीखालील टाकीत नळाचे पाणी साठते. तेथून अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवरील 1,000 लिटरच्या टाकीत चढवतो.

घरात पाच माणसे आहेत. नागरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत दरडोई दररोज 135 लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. त्यानुसार या घराची गरज 675 लिटर होते. म्हणजे टाकी पुरेशी मोठी आहे. परंतु ती कोठे ठेवावी हा प्रश्न संरचनाशास्त्राचा, पंप केव्हा चालवावा हा नियंत्रणशास्त्राचा आणि पाण्याची पातळी कशी ओळखावी हा इलेक्ट्रॉनिकीचा आहे. महाविद्यालयात हे तीन विषय तीन खोल्यांत शिकवले जातात. गच्चीवर मात्र ते एकाच टाकीत एकत्र येतात.

भार कोठे ठेवावा?

पाणी हलके वाटते, कारण ते आपण तांब्याने मोजतो. 1,000 लिटर पाण्याचे वजन 1,000 किलोग्रॅम, म्हणजे एक टन भरते. टाकीचा व्यास 1.1 मीटर धरल्यास तिच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे 0.95 चौरस मीटर येते. टाकीचे स्वतःचे वजन मिळवून त्या जागेवर दर चौरस मीटरला सुमारे 1,080 किलोग्रॅम भार पडतो. माणसांच्या वावराची गच्ची आखताना दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोग्रॅम चल भार धरतात. भरलेली टाकी आपल्या तळाखालील स्लॅबवर त्याच्या सातपट भार टाकते.

उपाय जाडजूड स्लॅबमध्ये शोधण्यापूर्वी जागेचा विचार करावा. समजा, 3 मीटर लांबीची एक तुळई दोन्ही टोकांना नुसती टेकलेली आहे. तिच्या मध्यावर 1,000 किलोग्रॅम भार ठेवला, तर तिला वाकवणारा आघूर्ण 750 किलोग्रॅम-मीटर होतो. तोच भार एका टोकापासून 30 सेंटिमीटरवर सरकवला, तर आघूर्ण 270 वर येतो. भार तोच, तुळई तीच. केवळ जागा बदलल्याने वाकण्याची प्रवृत्ती जवळजवळ एकतृतीयांश झाली. म्हणून जुने गवंडी टाकीचा ओटा भिंतींच्या किंवा खांबांच्या वर बांधतात. त्यांनी हे गणित मांडले नसेल, पण ते त्यांच्या हाताला ठाऊक असते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वादळात अशा टाकीवर वाऱ्याचा रेटा सुमारे 40 किलोग्रॅम भाराइतका होतो. रिकाम्या प्लॅस्टिक टाकीचे वजन 25 किलोग्रॅमच्या आसपास असते. उत्तर भारतातील उन्हाळी आँधीत रिकाम्या टाक्या गच्चीवरून उडतात त्याचे कारण हेच. टाकी बांधून ठेवावीच. परंतु तिच्या तळाशी नेहमी थोडे पाणी राहील अशी व्यवस्था केली, तर पाणीच तिचे नांगर होते. ती व्यवस्था नियंत्रणाच्या हाती आहे.

सुरू केव्हा, बंद केव्हा?

पाण्याच्या पातळीने पाण्याचाच प्रवाह आवरण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे क्तेसिबियोसने जलघटिकेत तरंगत्या झडपेचा उपयोग केला. रशियात पोल्झुनोव्हने 1765 च्या सुमारास बाष्पकातील पाण्याची पातळी राखण्यासाठी तरंगता नियामक वापरला. 1788 मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या यंत्राचा वेग आवरणारा नियामक बसवला आणि 1868 मध्ये मॅक्सवेलने अशा नियामकांचे गणित मांडले. या सर्वांत एकच सूत्र आहे: जे घडले त्याची वार्ता मागे नेऊन पुढील कृती ठरवायची. यालाच प्रतिसंभरण किंवा फीडबॅक म्हणतात. आपल्या जमिनीखालील टाकीत नळाचे पाणी आपोआप थांबवणारा तरंगता गोळा हा त्याच कुळातला आहे.

वरच्या टाकीसाठी साधा नियम सुचतो: पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेली की पंप सुरू करावा, वर आली की बंद करावा. हा नियम पटकन पटतो आणि मोटरीचा घात करतो. समजा, पंप मिनिटाला 20 लिटर पाणी चढवतो आणि सकाळच्या वेळी घरात मिनिटाला 5 लिटर पाणी वापरले जाते. टाकीत 1 सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे 9.5 लिटर. सुरू आणि बंद या खुणांत एवढेच अंतर असेल, तर पंप 38 सेकंद चालेल, 114 सेकंद थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. तासाला तो सुमारे 24 वेळा सुरू होईल. सुरू होताना मोटर तिच्या नेहमीच्या पाच-सहापट विद्युत प्रवाह ओढते. त्या प्रत्येक वेळी गुंडाळी तापते आणि कळीच्या टोकांवर ठिणगी पडते.

आता खालची खूण 30 सेंटिमीटरवर आणि वरची 90 सेंटिमीटरवर ठेवू. अंतर 60 सेंटिमीटर झाले. पंप 38 मिनिटे चालेल आणि 114 मिनिटे थांबेल. सेकंदांची मिनिटे झाली. पंपाने चढवायचे पाणी तेवढेच. परंतु मोटरीच्या वाट्याचे धक्के साठाव्या हिश्श्यावर आले. दोन खुणांमधील या हेतुपुरस्सर ठेवलेल्या अंतराला हिस्टेरेसिस म्हणतात. नियंत्रण जितके चोख तितके चांगले, हा समज येथे खोटा ठरतो. टाकीला नेमकी पातळी नको आहे, तिला पाणी हवे आहे.

खालच्या खुणेखाली राहणारे 30 सेंटिमीटर पाणी म्हणजे 285 लिटर. वीज गेली तर सरासरी वापराने ते सुमारे दहा तास पुरते आणि वादळात टाकीला जागेवर धरून ठेवते. एकच खूण ठरवताना आपण दोन शास्त्रांना उत्तर दिले.

पाण्याला बोलते करणे

पातळी ओळखण्यासाठी टाकीत गंजरोधक पोलादाच्या तीन कांब्या सोडू. सर्वांत लांब कांबी तळाजवळ पोचते, ती सामाईक. दुसरीचे टोक खालच्या खुणेवर आणि तिसरीचे वरच्या खुणेवर आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे दोन बुडालेल्या कांब्यांतून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, समजा अर्धा मिलिअँपिअर. एवढ्याने पंप चालणार नाही. परंतु ट्रान्झिस्टरच्या एका अग्राला हा प्रवाह मिळाला, तर तो उरलेल्या अग्रांमधून त्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे 50 मिलिअँपिअर प्रवाहाला वाट करून देतो. तेवढ्याने रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारी कळ, ओढली जाते.

जोडणी अशी असावी. रिले सुटलेला असताना पंप चालू आणि ओढलेला असताना बंद राहतो. वरची कांबी ट्रान्झिस्टरला कायम जोडलेली आहे. खालची कांबी मात्र रिले ओढलेला असतानाच जोडली जाते. पाणी वरच्या खुणेला लागले की रिले ओढला जातो, पंप थांबतो आणि खालची कांबी जोडली जाते. पाणी वरच्या खुणेखाली उतरले तरी खालची कांबी रिलेला धरून ठेवते. तीही उघडी पडली की रिले सुटतो आणि पंप सुरू होतो. पाणी चढताना खालची कांबी तोडलेली असल्याने पंप वरच्या खुणेपर्यंत चालत राहतो. रिलेच्या एका जादा कळीने यंत्राला स्मरणशक्ती दिली.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. कांब्यांतून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहू दिला, तर विद्युतविच्छेदनाने कांबी झिजते. म्हणून प्रवाह क्षीण आणि शक्य तर प्रत्यावर्ती असावा. दुसरी सूचना जिवाची आहे. कांब्यांना मिळणारी वीज स्वतंत्र गुंडाळ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्टपर्यंत उतरवलेलीच असावी. खर्च वाचवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर वगळणाऱ्या मंडलात घरातील 230 व्होल्टची वीज थेट स्नानाच्या पाण्यापर्यंत पोचू शकते. पंपाला भूसंपर्क असावा, त्याच्या मार्गावर 30 मिलिअँपिअर गळतीला तुटणारी कळ असावी आणि टाकीत हात घालण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी.

बिघाड झाला तर?

यंत्र नीट चालत असताना काय करते हे पाहणे हा अभ्यासाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे ते बिघडल्यावर काय करील हे आधीच विचारणे. आपल्या मंडलात उघडी पडलेली कांबी आणि तुटलेली तार यांची भाषा एकच आहे. दोन्ही वेळी प्रवाह थांबतो. खडखडीत पाण्याचे क्षार कांबीवर साचले तरी तेच घडते. अशा वेळी यंत्र टाकी रिकामी समजेल आणि पंप चालतच राहील. रात्रीच्या आठ तासांत मिनिटाला 20 लिटरप्रमाणे 9,600 लिटर पाणी वाहून जाईल. एवढ्या पाण्यात या कुटुंबाचे दोन आठवडे निभतात.

यावर पहिला उपाय सर्वांत साधा आहे. टाकी भरून वाहू लागल्यास जादा पाणी ज्या नळीतून पडते, तिचे तोंड मोरीत लपवू नये; येताजाता दिसेल अशा जागी काढावे. ही नळी विजेवर चालत नाही आणि खोटे बोलत नाही. दुसरा उपाय वेळेचा. वापर चालू असतानाही 570 लिटर चढवण्यास 38 मिनिटे लागतात. वापर मिनिटाला 10 लिटर झाला तरी 57 मिनिटे पुरतात. म्हणून पंप सलग एक तासापेक्षा अधिक चालला तर तो थांबून घंटी वाजावी.

तिसरा उपाय अटींचा. वरची टाकी उतरली आहे, आणि खालच्या टाकीत पाणी आहे, आणि विजेचा दाब पुरेसा आहे, अशा तिन्ही अटी जुळल्या तरच पंप सुरू व्हावा. खाली पाणी नसताना पंप कोरडा फिरतो आणि त्याची बूच-बंदिस्ती जळते. दाब 230 ऐवजी 180 व्होल्ट असेल, तर मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे 61 टक्क्यांवर येतो. ती फिरू शकत नाही, जागच्या जागी गुरगुरते आणि जळते. ज्येष्ठातील त्या सकाळी जिन्यात येणारा वास बहुधा याचाच असतो.

शेजाऱ्याचे पाणी

एक मोह मात्र अटींच्या यादीबाहेर ठेवावा लागतो. खालची टाकी भरत नाही म्हणून अनेक जण नळाच्या वाहिनीलाच छोटा पंप जोडतात. उत्तर भारतात त्याला सर्रास टुल्लू म्हणतात. त्या घरापुरते नियंत्रण यशस्वी होते. परंतु वाहिनीतील दाब घटतो, पुढच्या घराचा नळ कोरडा पडतो. दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाल्यास फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि ते सर्वांच्या घरी पोचते. मग शेजारीही पंप आणतो. प्रत्येक घराचे यंत्र आपली टाकी पाहते. वाहिनीचा दाब कोणीच पाहत नाही.

नियंत्रणशास्त्राचा हा सर्वांत मोठा धडा आहे. काय मोजावयाचे हे ठरवताना आपण कोणाची पर्वा करतो हेही ठरते. ज्या वस्तीत ज्येष्ठाच्या उन्हात अनोळखी वाटसरूला बोलावून पाणी पाजतात, तेथे हा धडा समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

करून पाहण्याजोगे

1. आपल्या घरच्या टाकीचा व्यास मोजा. 1 सेंटिमीटर उंचीत किती लिटर पाणी मावते ते काढा.

2. पंप सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा एक दिवस लिहून ठेवा. तो तासाला किती वेळा सुरू होतो? खुणांमधील अंतर वाढवता येईल काय?

3. टाकीखाली भिंत किंवा खांब आहे की मोकळा स्लॅब, ते पाहा. जादा पाण्याच्या नळीचे तोंड कोठे आहे, हेही शोधा.