लेपर्ड गेको घरी आणताय? आधी हा हिशेब वाचा

साताऱ्यात किंवा सांगलीत लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, पाळायचा तर नुसतं त्याचं घर उभं करायला ५,००० ते ८,००० रुपये लागतात. पुढे दरमहा ५०० ते ८००. जनावराची किंमत वेगळी: साध्या पिवळ्या-ठिपक्यांच्या पिल्लाला विक्रेते साधारण ८,००० ते १५,००० सांगतात, आणि ‘अल्बिनो’, ‘टँजरिन’ असं रंगाचं काही नाव जोडलं की आकडा थेट दुप्पट. रंगाने तब्येत सुधारत नाही. पहिल्यांदा पाळत असाल तर साधाच घ्या. शिवाय हा प्राणी १५ ते २० वर्षं जगतो. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी घेणार असाल, तर तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर किडे कोण चारणार हे आजच ठरवा. बहुधा आई. तेव्हा आधी तिला विचारा.

पैसे देण्यापूर्वी कागद. दुकानाचं पक्कं बिल, त्यावर प्राण्याचं शास्त्रीय नाव (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस), पिल्लू कोणाकडे जन्मलं त्याचा पत्ता, विक्रेत्याची सही-शिक्का. ‘बिल कशाला, ओळखीतलं आहे’ असं ऐकलंत की मनात शंकेची पाल चुकचुकायलाच हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ (CITES) करारातल्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यामुळे नोंदणी सक्तीची झाली. २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर होते आणि प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. टोके गेको आणि हिरवे डे गेको त्या यादीत आहेत, लेपर्ड गेको नाही. पण दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर विसंबू नका. तुमच्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात साधा अर्ज द्या: अमुक प्रजाती, अमुक विक्रेता, पाळण्यास हरकत आहे का? पोच घ्या, उत्तर लेखी घ्या, मगच पैसे द्या. अर्जाला खर्च झेरॉक्सचा. ‘रजिस्ट्रेशन करून देतो, वेगळे पाच हजार’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. सरकारी शुल्क पोर्टलवर भरायचं असतं आणि त्याची पावती तुमच्या नावाने निघते.

रानातली पाल मात्र नकोच. महाराष्ट्राच्या झाडोऱ्यात लेपर्ड गेकोची सख्खी भावकी राहते. लोक तिला विषारी समजून ठेचतात. ती बिनविषारी आहे. कोणी ती ‘गावरान, स्वस्तात’ म्हणून विकायला आणली तर घेऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चाळकेवाडीच्या पठारावर राहणारी एक पाल तर विज्ञानाला २००८ साली कळली. तिच्या नावातच सातारा आहे, हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस. तिला दगडाखालीच राहू द्या. आणि ‘टोके पाल लाखांना विकली जाते’ असे मेसेज आले तर पुढे न पाठवता पुसून टाका. त्या धंद्यात पैसा फसवणाऱ्याला मिळतो आणि तुरुंग पकडणाऱ्याला.

आता घर. दुकानात ‘कॉम्बो सेट’ पुढे करतात: फूटभर काचपेटी, लाल बल्ब, रंगीत वाळू. तिन्ही गोष्टी पुढे बदलाव्या लागतात, म्हणजे पैसे दोनदा. मत्स्यपेट्या बनवणाऱ्याकडून २४ बाय १८ इंच तळाची, फूटभर उंच पेटी करून घ्या. १,८०० ते २,५०० रुपयांत होते, वर जाळीचं झाकण ४०० ते ६००. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटपट्ट्या नसतात, काचेवर तो चढत नाही. झाकण मांजरासाठी. तळाला वाळू नको. किड्याबरोबर ती पोटात जाते, आतडं तुंबतं आणि मग खर्च डॉक्टरकडे होतो. फरशीवाल्याकडे शहाबादीचे उरलेले तुकडे पडलेले असतात. मापाने कापून मागा, शंभराच्या आत काम होतं. धार घासून घ्या आणि खडबडीत बाजू वर ठेवा, म्हणजे नखं झिजतात आणि कात टाकताना अंग घासायला जागा मिळते.

लपायला तीन जागा लागतात: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला, एक दमट. पहिल्या दोन कुंभाराकडच्या फुटक्या कुंडीच्या अर्ध्या भागातून होतात. दमट जागेसाठी आइस्क्रीमच्या डब्याला दोन बोटं रुंद भोक पाडा, कडा मेणबत्तीवर फिरवून गुळगुळीत करा, आत ओलसर कोकोपीट भरा. नर्सरीत विटेच्या आकाराचं मिळतं, वर्षभर पुरतं. प्लास्टिकची ‘गुहा’ ८०० रुपयांना विकतात. ती फक्त फोटोत चांगली दिसते.

ज्यावर अजिबात काटकसर करू नये अशी एक वस्तू आहे, थर्मोस्टॅट. हीट मॅट ९०० ते १,५०० ला मिळते आणि विक्रेता ‘एवढंच पुरे’ म्हणतो. तसं लावलं तर फरशी भाजण्याइतकी तापू शकते. हा प्राणी पोटाने ऊब घेतो, जागचा हलत नाही आणि पोट पोळून घेतो. ५०० ते ९०० रुपयांचा थर्मोस्टॅट घ्या, त्याची तार फरशीच्या उबदार टोकाला चिकटवा, ३१ ते ३३ अंशांवर लावा. मॅट पेटीच्या एक तृतीयांश भागाखालीच, आणि पेटी चार बाटल्यांच्या झाकणांवर उचललेली, म्हणजे उष्णता कोंडत नाही. थंड टोक २४ ते २६ अंश. दोन थर्मामीटर, दोन टोकांना. १४ वॉटची मॅट चोवीस तास चालली तरी महिन्याला दहाच युनिट जळतात, म्हणजे विजेचा बाऊ नको. कॅल्शियमच्या पावडरी ७०० ते १,२००, छोटा वजनकाटा ३५०.

तारखा पाहून आणा. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये बंद खोलीच ३८ च्या वर जाते. तेव्हा मॅट बंद, पेटी तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, भिंतीलगत पाण्याने भरलेला माठ. पत्र्याच्या छताखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत उन्हाळ्यात ठेवणार असाल तर घेऊच नका. साताऱ्यात उलटं: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या, आणि वीज गेली की पेटी गार. मॅट इन्व्हर्टरवर जोडा. नसेल तर गोधडीने तीन बाजू झाका आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा. सगळ्यात सोपे महिने ऑक्टोबर आणि फेब्रुवारी.

पुण्या-मुंबईहून मागवणार असाल तर विक्रेता ‘खाजगी बसने पार्सल, ५०० रुपये’ सुचवेल. बसच्या डिकीत सहा तास, उन्हात, बिनपावतीचं. नको. स्वतः जा, प्राणी खाताना बघा, शेपूट जाड आहे का बघा (चरबी तिथेच साठते), डोळे पूर्ण उघडतात का बघा. भोकं पाडलेल्या डब्यात टिश्यू पेपर घालून मांडीवर आणा. पेटी मात्र दोन दिवस आधी चालू करून तापमान स्थिर झालेलं हवं.

घरी आल्यावर पहिला आठवडा तुमच्या सहनशक्तीचा. प्राणी आत सोडा, पेटीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा, आणि हात लावू नका. पाहुणे-रावळे, सोसायटीतली पोरं, मोबाइलचा फ्लॅश, सगळं बंद. दिवसभर तो दिसणारच नाही. तो संध्याकाळनंतरचा प्राणी. रोज पाणी बदला आणि बाजूला व्हा. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोन-तीन किडे ठेवा. नाही खाल्ले तर काढून घ्या, रात्रभर ठेवलेला किडा त्यालाच चावतो. मोठ्या गेकोने आठवडाभर खाल्लं नाही तरी घाबरू नका. पिल्लू चार-पाच दिवस उपाशी असेल तर डॉक्टरांना फोन करा. एकाच कोपऱ्यात शी करायला लागला, तिन्ही लपणं वापरायला लागला, तुम्ही समोर असताना बाहेर आला, की रुळला समजा. मग हात पेटीत सपाट ठेवा आणि त्यालाच वर येऊ द्या. वरून झडप घालून उचलाल तर शेपूट तुमच्या हातात राहील.

पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी, पाच ते आठ मीलवर्म किंवा रातकिडे. मीलवर्म नगाला रुपया-दोन रुपये, कुरियर वेगळं. खर्च निम्मा करायचा तर गिरणीतला गव्हाचा कोंडा आणि गाजराचे तुकडे घालून डब्यात घरीच वाढवा. फुकटचे किडे मात्र महागात पडतात. तासगावची द्राक्षं असोत की कऱ्हाडचा ऊस, फवारणीच्या शिवारातला किडा म्हणजे औषधाची पुडी. काजवा तर विषारीच. घरात झुरळांचा खडू किंवा फवारा मारत असाल तर त्या खोलीत पेटी नको. किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्या, आठवड्यातून दोनदा डी-थ्री जीवनसत्त्व असलेली पावडर. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस कुटून वापरतात. त्यात कॅल्शियम आहे, डी-थ्री नाही, म्हणजे डी-थ्रीची पावडर चुकत नाही.

दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहा टक्के घटलं, शेपूट वाळली, बोटांवर कातीचे कडे अडकले, तर थांबू नका. गायी-म्हशींचे डॉक्टर दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली. पालीचा डॉक्टर आधी शोधून ठेवावा लागतो. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरीसृप तपासतात का आणि कोणत्या वारी, हे फोनवर विचारून निघा. पुण्यात विदेशी प्राणी पाहणारे खाजगी डॉक्टर ५०० ते १,००० तपासणी फी घेतात, विष्ठेची तपासणी निराळी. सांगलीहून जाण्यायेण्याचं भाडं फीपेक्षा जास्त होईल, म्हणून २,००० ते ३,००० रुपये बाजूला ठेवाच.

पेटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका. आणि कंटाळा आला तर रानात सोडणं हा पर्याय नाही. दुकानं परत घेत नाहीत किंवा चौथाई भाव देतात. नवा मालक तुम्हीच शोधायचा, आणि देताना बिल, वनविभागाचं उत्तर व वजनाची वही पेटीसोबत द्यायची.