पांढरं पाणी, बुरशी आणि कॅन्सरची भीती



मागच्या महिन्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही बंद झाली, तरी एक ताई बसूनच राहिल्या. बाकीच्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, अंगावरून पांढरं जातं, लई खाज येते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या बुरशी आहे. अन् मोबाइलवर आलंय की बुरशीचाच पुढं कॅन्सर होतो." भीतीपोटी त्यांनी औषध सुरूच केलं नव्हतं. घरातही कुणाला बोलल्या नव्हत्या.

आधी उत्तर देते. अंगावरून जाणाऱ्या बुरशीचा कॅन्सर होत नाही. कँडिडा नावाची बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात थोडी थोडी असतेच, अगदी धडधाकट बाईच्याही. गरोदरपणात, साखर वाढल्यावर किंवा अँटिबायोटिक गोळ्या घेतल्यावर ती वाढते. मग दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, खाज आणि आग होते. डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं बहुतेकींना थोड्या दिवसांत आराम पडतो. गरोदर असाल तर ते आधी सांगा, कारण तेव्हा औषध वेगळं लागतं. आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. तो संबंधातून येतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं राहतो आणि हळूहळू कॅन्सर तयार करतो. या सगळ्याला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, म्हणजे पकडायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो. हे आपल्या मराठवाड्यातच सिद्ध झालंय. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांना घेऊन टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी अभ्यास केला. २००९ साली निकाल आला. ज्या गावांत एचपीव्हीची एकच तपासणी झाली, तिथे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका होत्या त्या.

म्हणून खाजेला घाबरू नका, पण संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

तोंडाचं जरा वेगळं आहे. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या ताईंनी आरशात गालाच्या आत बघावं. पुसून निघतो तो पांढरा थर बहुधा बुरशीचा. न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा मात्र पुढे कॅन्सर होऊ शकतो. अशा चट्ट्यात बुरशीही बसलेली असेल तर धोका जास्त समजतात. तो लगेच दाखवा, आणि मिश्री बंद करा. (हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी हसतं.)

मग बुरशीचा कॅन्सरशी संबंधच नाही का? आहे, पण तो घरातल्या डब्यात. शेंगदाणे आणि मका ओले राहिले की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते. तिच्यातलं अफलाटॉक्सिन हे विष अनेक वर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. धुऊन, भाजून ते पूर्ण जात नाही. कुबट, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे चटणीत ढकलू नका, जनावरालाही घालू नका.

२०२२ साली शास्त्रज्ञांना ३५ प्रकारच्या कॅन्सरच्या गाठींत बुरशीचे अंश सापडले. पण बुरशीनं गाठ झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. खायच्या सोड्यानं कॅन्सर बरा होतो हा मेसेज तर सरळ खोटा आहे. पुढे पाठवू नका.

त्या ताईंनी औषध घेतलं, खाज थांबली. आता त्या तपासणीलाही तयार आहेत. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तुमच्या गावासाठी दिवस कोणता ते आशाताईला विचारा. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावून बघतात, पाच-दहा मिनिटं लागतात, थोडं चुरचुरतं. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि आदल्या दोन दिवसांत आत कुठलंही औषध ठेवू नका.