बालसखी : वर्गातील मदतनिसाचे प्रशिक्षण

इयत्ता तिसरीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर वजाबाकी मांडतात. पुढच्या दोन रांगा उत्तर देतात व पाठ पुढे सरकतो. मागच्या भिंतीलगत बसलेली दहा-बारा मुले फळ्यावरील मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवून घेतात. कित्येकदा सुवाच्य अक्षरात घेतात. परंतु आपण काय लिहिले ते त्यांना वाचता येत नाही. ही मुले गैरहजर नसतात, खोडकरही नसतात, आणि म्हणूनच ती कोणाच्या नजरेस येत नाहीत. हजेरीपटावर त्यांची नावे असतात व वर्षअखेर ती चौथीत जातात.

अशा मुलांसाठी बडोदे शहरात जो प्रयोग झाला, त्याचा अभ्यास शिक्षक व अधिकारी या दोघांनीही करण्याजोगा आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते हेच बडोदे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तेथील प्रश्न मुलाला शाळेत आणण्याचा राहिला नव्हता. शाळेत आलेल्या मुलाला शिकविण्याचा होता. शहरातील तिसरीच्या मुलांची गणितात चाचणी घेतली असता, पहिलीच्या पातळीची गणिते बरोबर सोडविणारी मुले जेमतेम पाचांत एक निघाली.

मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व बडोदे येथील नगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ नेमण्याचा उपक्रम हाती घेतला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, बहुधा माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. ती पदवीधर नव्हती, अध्यापनाची पदविकाही तिच्याजवळ नव्हती. वर्षारंभी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण व पुढे वर्षभर मार्गदर्शन एवढीच तिची शिदोरी. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती शाळेच्या वेळेतच दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे. रिकामी खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात किंवा मैदानात. मानधन दरमहा पाचशे ते साडेसातशे रुपये, म्हणजे त्या काळाच्या मानानेही थोडकेच.

दोन आठवड्यांत शिकवायचे तरी काय, असे कोणीही विचारील. याचे उत्तर असे की, मदतनिसाला सर्व विषय शिकविण्याची विद्या नको असते. तिला मूल नेमके कोठे अडले आहे ते ओळखता यावे लागते. वाचनात हे ओळखण्याची एक साधी रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे. मुलाला प्रथम सोपा उतारा वाचावयास द्यावा. तो जमला नाही तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरे दाखवावी. उतारा जमला तर छोटी गोष्ट द्यावी. चार-पाच मिनिटांत मुलाची पातळी कळते. मग इयत्ता बाजूला ठेवून, ज्यांना अक्षरे येत नाहीत ती एका गटात व शब्दांवर अडणारी दुसऱ्या गटात बसवावयाची. वयाने मोठ्या मुलाला लहानांत बसण्याची लाज वाटते. ती कशी घालवावी हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

गणिताचे एक उदाहरण घेऊ. बेचाळीसातून सतरा वजा करावयास सांगितले असता पुष्कळ मुले उत्तर पस्तीस लिहितात. अनभिज्ञ मनुष्य त्यावर फुली मारून मोकळा होतो. प्रशिक्षित मदतनीस मात्र जाणते की हे उत्तर अंदाजाने आलेले नाही. दोनांतून सात जात नाहीत असे दिसताच मुलाने सातांतून दोन वजा केले. प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक घालवावयाचा, असा नियम त्याने स्वतःच बसविला आहे. अशा मुलाला पुन्हा फळ्याकडे पाहावयास लावून उपयोग नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवाव्या आणि सतरा काड्या मागाव्या. सात सुट्या काड्या देण्यासाठी त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो. तो गठ्ठा त्याच्या हातांनी सुटला पाहिजे, मदतनिसाच्या नव्हे. अशा पाच-पंचवीस चुका ओळखून त्यांवर इलाज करता येणे, हे या प्रशिक्षणाचे सार होय.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात दोन्ही शहरांतील या उपक्रमाची तपासणी केली. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखी लाभलेल्या शाळांतील मुलांचे गुण वाढले आणि दुसऱ्या वर्षी ही वाढ पहिल्या वर्षीच्या सुमारे दुप्पट होती. सर्वांत अधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. वीस मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान होई, पण तेवढ्याने मागे राहिलेल्या मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. वर्गसंख्या घटली की शिक्षण आपोआप सुधारते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उपक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने मुले पुन्हा तपासली असता लाभ बराच ओसरलेला आढळला. पुरता नाहीसा झाला नव्हता, इतकेच. आधार काढून घेतला आणि वर्गातील पाठ पूर्वीच्याच वेगाने चालू राहिला, तर याहून निराळे काय घडणार?

याच विचाराने पुढे अन्य राज्यांत शासकीय शिक्षकांनाच ही पद्धत शिकविण्यात आली. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत त्याच शिक्षकांनी उत्तम काम केले. परंतु शाळा सुरू झाल्यावर, केवळ प्रशिक्षण व साहित्य मिळूनही फरक दिसला नाही, कारण त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक संपविण्याची घाई होती. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकात या कामासाठी रोज स्वतंत्र तास राखला गेला, वरून देखरेख राहिली, आणि मुलांचे वाचन सुधारले. प्रशिक्षणाला वेळापत्रकात जागा नसेल तर ते कागदावरच राहते.

गावात सुशिक्षित मुली आहेत. बारावी होऊन घरी बसलेल्याही आहेत. त्यांपैकी एखादीला शाळेत मदतीस घेण्याचे ठरले, तर काही गोष्टी मुख्याध्यापकांनी ती येण्याआधीच निश्चित कराव्या. तिची बसण्याची जागा कोणती, दोन तास कोणते, मुलांची चाचणी कोण घेणार, मानधन कोणत्या तारखेस मिळणार. पत्रके भरणे, घंटा वाजविणे, पाहुण्यांचा चहा ही कामे तिच्याकडे सरकू लागली की मुलांचे दोन तास पाऊण तासावर येतात. शिक्षकांच्या खोलीत तिला खुर्ची असावी, हेही सांगावेसे वाटते; मुले असल्या गोष्टी फार बारकाईने पाहतात.

आणि मूल वाचू लागून मूळ वर्गात परतेल त्या दिवशी तिने वर्गशिक्षकांना, मुलाच्या समक्ष, तो कोणते पान वाचू शकतो ते सांगावे. शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी त्याला तेच पान उभे राहून वाचावयास सांगावे.