व्यापारातील चार विचार

व्यापार करणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका वारंवार उद्भवते. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, असे भगवंत सांगतात. मग पुढील वर्षांच्या विक्रीचा, भांडवलाचा व प्रतिस्पर्ध्याचा आगाऊ विचार करणे ही आसक्तीच नव्हे काय? या शंकेपायी कोणी गीता देवघरात ठेवून पेढी चालवितो, तर कोणी ‘देव देईल ते खरे’ असे म्हणून हिशेबात ढिलाई करतो आणि त्या ढिलाईलाच वैराग्य समजतो. दोघेही चुकतात. त्यातही दुसऱ्याची चूक अधिक घातक होय. कारण तिचे फळ त्याच्या मुलाबाळांना व पदरच्या नोकरांना भोगावे लागते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील पंचविसाव्या श्लोकात या शंकेचे निरसन आहे. तेथे तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टी न पाहता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारे परिणाम. क्षय म्हणजे धनाची व शक्तीची हानी. हिंसा म्हणजे इतरांना होणारी पीडा. आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य. तेव्हा विचार न करणे हे वैराग्य नसून तमोगुण आहे, हे उघड होते. योजना हा कर्माचाच भाग आहे. त्याग करावयाचा तो आसक्तीचा.

या चार विचारांनी व्यापारात कसे बळ येते, हे जमशेटजी टाटा यांच्या नागपूर येथील गिरणीवरून चांगले समजते. ते पारशी धर्माचे अनुयायी होते. गीता पुढे ठेवून त्यांनी हा उद्योग केला, असे नव्हे. परंतु सत्य विचार कोठेही आढळला तरी तो ग्राह्यच असतो.

अनुबंध. त्या काळी सूतगिरण्या काढणाऱ्यांचा ओढा मुंबईकडे होता. कापूस मात्र पिके वऱ्हाडात व नागपूरच्या आसपास. तो मुंबईस न्यावयाचा आणि तयार माल पुन्हा देशाच्या अंतर्भागात पाठवावयाचा, असा दुहेरी खर्च पडे. जमशेटजींनी नागपूर निवडले. तेथे कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आगगाडीची सोय आणि सूत घेणारे विणकरही जवळ. 1874 मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली व 1 जानेवारी 1877 रोजी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. प्रतिस्पर्ध्यांवर मिळालेली पहिली सरशी यंत्रांची नव्हती. ती जागेच्या निवडीची होती.

क्षय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते. 1865 मध्ये ते युद्ध संपताच भाव कोसळले आणि टाटांच्या पेढीस मोठी झळ पोहोचली. हानी काय असते, हे त्यांना ठाऊक होते. गिरणीची जमीन दलदलीची होती. भर घालण्यास पैसा लागला. ‘हा मनुष्य सोने मातीत पुरतो आहे,’ असे म्हणून एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले, असे सांगतात. परंतु कोणता खर्च पुढे फळणारा आणि कोणता वाया जाणारा, याचा विवेक झालेला होता.

हिंसा. प्रारंभी कामगारांची गैरहजेरी फार असे. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी बक्षिसांचा मार्ग स्वीकारला गेला. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. 1895 पासून अपघातात सापडलेल्यांना भरपाई मिळू लागली. तसे करण्यास त्या वेळी कायद्याने भाग पाडले नव्हते. ज्याच्या श्रमावर पेढी उभी राहते त्याला पीडा न देणे, हा धर्मही आहे आणि पेढीचे स्थैर्यही आहे.

पौरुष. नागपूरला हात घालण्यापूर्वी जमशेटजींनी मुंबईत एक लहान गिरणी चालवून पाहिली आणि लँकेशायरला जाऊन या धंद्याचा अभ्यास केला. 1883 मध्ये नव्या रिंग चात्या आल्या, तेव्हा त्यांचा आधी थोड्या प्रमाणावर प्रयोग केला आणि मगच त्यांचा विस्तार केला. सामर्थ्य मोजून पाऊल टाकणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आज ती गिरणी चालू नाही. हाही या पाठाचाच भाग समजावा. उत्तम योजनेचे फळही कालाच्या अधीन असते. म्हणूनच भगवंत फळावर हक्क सांगू देत नाहीत. योजना नीट केली की नाही, एवढेच माणसाच्या हाती असते.

किराणा दुकान असो वा कारखाना, नवे पाऊल टाकण्यापूर्वी गृहस्थाने सायंकाळी वही उघडून चार प्रश्न लिहावेत: यामागून काय येईल? यात किती जाईल? यामुळे कोणाला दुःख होईल? हे आपल्याला झेपेल काय? चौथ्याचे उत्तर लिहिताना अहंकार आणि तिसऱ्याचे लिहिताना लोभ आडवा येतो. तेथे विशेष सावध राहावे. उत्तरे प्रामाणिक असतील तर निश्चय करावा, सर्व शक्तीने कामास लागावे आणि नफा येवो वा तोटा, वही मिटताना ते कर्म भगवंतांच्या चरणी अर्पण करावे.