काळी स्क्रीन म्हणजे बंद मशीन नव्हे

लॅपटॉपचं झाकण उघडलं, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच राहिली, तर पॉवर बटण दाबून धरू नका. डहाणू-तलासरी भागात जिथे जिथे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून काम चालतं, तिथे मी हेच आधी सांगतो. आपल्याकडे झाकण घाईने मिटायचे प्रसंग फार. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरी वाचवायला मशीन स्लीपला टाकतात. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून जमीन हलली की हातातलं टाकून बाहेर पळायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक झालंय.

तलासरी तालुक्यातल्या एका वसतिगृहात शिष्यवृत्तीची यादी भरणं चालू होतं. मुलांची नावं, बँक खाती, दाखल्यांचे क्रमांक. धक्का बसला, तशा मॅडम झाकण मिटून मुलांना घेऊन पटांगणात आल्या. त्यांनी केलं ते अगदी योग्यच. सगळं शांत झाल्यावर झाकण उघडलं तर स्क्रीन काळी. कोणीतरी म्हणालं, हँग झालाय, बटण दाबून ठेवा. मशीन पुन्हा सुरू झालं, पण यादीचा सेव्ह न केलेला भाग गेला. मी पोचलो तेव्हा मॅडम दाखल्यांचे गठ्ठे पुन्हा सोडून बसल्या होत्या. “दादा, मशीन चालू आहे असंच वाटत होतं हो,” त्या म्हणाल्या. चालूच होतं ते.

स्लीपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपची वीज तोडली जाते. जागी राहते ती फक्त रॅम. यादी रॅममध्ये होती, म्हणजे शाबूत होती. विसरली होती ती ग्राफिक्स चिप. स्क्रीनवर चित्र उमटवायला तिच्या रजिस्टरांमध्ये बरंच काही भरलेलं असावं लागतं. शाळेतल्या १०२४ बाय ७६८ च्या प्रोजेक्टरचंच घ्या. प्रत्येक फ्रेमला प्रत्यक्षात १३४४ बाय ८०६ जागा मोजल्या जातात, कारण एक ओळ किंवा फ्रेम संपून पुढची सुरू होईपर्यंतचा रिकामा वेळही धरावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हटलं की पिक्सेलचं घड्याळ ६५ मेगाहर्ट्झचं होतं. वीज गेली की हे सगळं पुसलं जातं. म्हणून कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ग्राफिक्स ड्रायव्हर झोपण्याआधी चालू मोडची, म्हणजे या सगळ्या मांडणीची, प्रत रॅममध्ये काढून ठेवतो, सगळे डिस्प्ले बंद करतो आणि उठल्यावर चिप नव्याने तयार करून तीच प्रत परत बसवतो. पूर्वी हे काम एक्स सर्व्हर आणि व्हिडिओ बायोसच्या भरवशावर चाले, आणि पुष्कळदा फसे. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ कर्नलपासून इंटेलच्या चिपांसाठी मोड लावण्याची जबाबदारी कर्नलने घेतली; बाकीच्या चिपा मागोमाग आल्या.

वसतिगृहातल्या लॅपटॉपवर हा ड्रायव्हर चालतच नव्हता. लिनक्स घालणाऱ्याने बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द टाकून ठेवला होता. इन्स्टॉल करताना स्क्रीन येत नसेल तर तो कामाला येतो, पण नंतर काढायलाच हवा. तो असेपर्यंत चित्र फर्मवेअरने बूटच्या वेळी लावलेल्या मोडवरच चालतं. झोपेतून उठल्यावर तो मोड परत लावणारं मग कोणीच उरत नाही. मशीन विकत घेताना किंवा दुरुस्तीहून आल्यावर हे तपासा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एकच रिझोल्यूशन दिसतंय, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, ग्राफिक्सच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलंय, तर हाच संशय घ्या. लिनक्स बूट करणाऱ्या ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमधून ‘नोमोडसेट’ काढायचा आणि अपडेट-ग्रब चालवायचं, की बहुतेक वेळा काम होतं. टर्मिनलची सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्सचे पाठ मराठीत आहेत. ते बसून ऐका.

स्क्रीन काळी असताना मात्र आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, तर कर्नल जिवंत आहे. मग टॉर्च तिरका धरून स्क्रीनकडे पाहा. चित्र अंधुक दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय, ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. काहीच दिसत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३, थोडं थांबून एफ३ ऐवजी एफ२ किंवा एफ१. यात ड्रायव्हरला मोड पुन्हा लावावा लागतो आणि कधी कधी तेवढ्यानेच स्क्रीन येते. झोपेच्या वेळी प्रोजेक्टर जोडलेला होता आणि मध्येच कोणी वायर काढली, तर ती परत लावून पाहा. लॉगिनची खिडकी कदाचित तिकडेच अडकलेली असेल.

तरीही अंधारच असेल तर न बघता टाइप करा: एंटर, पासवर्ड, पुन्हा एंटर, मग कंट्रोल-एस. फाइलला आधीच नाव दिलेलं असेल तर ती सेव्ह होण्याची चांगली शक्यता असते, म्हणून नवी यादी उघडल्याबरोबर तिला नाव द्या. त्यानंतरच ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी, प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन सेकंद सोडून. काही लॅपटॉपवर एफएन बटणही लागतं. डिस्कवर लिहायचं राहिलेलं यात लिहून होतं आणि मशीन पुन्हा सुरू होतं.

मशीन उठत नाही म्हणून काही जण स्लीपचा प्रकारच बदलून ‘एस२आयडल’ करून देतात. त्यात चिपची वीज तशी पूर्ण तुटत नाही, त्यामुळे स्क्रीन परत येते खरी, पण बॅटरी जास्त खर्च होते. रात्रभर वीज नसलेल्या पाड्यावर सकाळी लॅपटॉप रिकामा सापडला तर त्या उपायाचा काय उपयोग? आधी ड्रायव्हर नीट लावून घ्या. आणि कर्नल अपडेट झालं की महत्त्वाचं काही उघडं नसताना झाकण मिटून-उघडून पाहा, एकदा प्रोजेक्टर जोडून आणि एकदा झोपेतच त्याची वायर काढून.