एजंटच्या हाती फाइल देताना

प्रश्न : आमच्या एआय एजंटला गूगल ड्राइव्हमधली फाइल अद्ययावत करायचं टूल दिलं आहे. त्याच्या वर्णनात नेमकं काय लिहावं?

उत्तर : आधी हे लिहा, की फाइल नावाने नव्हे, आयडीने ओळखायची. ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहू शकतात. एजंट नावावर विसंबला तर भलतीच फाइल बदलेल.

पुढचा मुद्दा हमखास सुटतो. नाव किंवा वर्णन बदलताना पाठवलं तेवढंच बदलतं, बाकीचं जागेवर राहतं. साध्या टेक्स्ट फाइलचा मजकूर मात्र पाठवला, की जुना सगळा जाऊन नवा येतो. हे ठाऊक नसलेला एजंट एक ओळ वाढवायला जाईल आणि अख्खा अहवाल घालवून बसेल. म्हणून 'आधी फाइल वाच, मग पूर्ण मजकूर पाठव' असं स्पष्ट सांगा. अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसांनी पुसल्या जाऊ शकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका.

४०४ ही त्रुटी आली तर फाइल नाही किंवा ती पाहायची परवानगी नाही. अशा वेळी नवी फाइल न बनवता वापरकर्त्याला विचारावं, हेही नोंदवा. फाइल कचऱ्यात टाकणंही फाइल अद्ययावत करायच्या याच विनंतीतून होतं. तो पर्याय एजंटला देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.